नवरीचा वढा आणि शिवाराचा नकाशा

आमच्या गावाला शिवाराचा नकाशा काढायची बुद्धी झाली ती एका जेसीबीमुळं.

मी केजला एका शाळेत भूगोल शिकवतो. राहायला केजलाच, पण शेत आणि बरेचसे नातेवाईक गावाकडं. गाव तिथून जीपच्या अंतरावर, बालाघाटाच्या उतरणीला. त्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं लिंबाच्या शेतातल्या जुन्या बारवेतला गाळ काढायचं ठरवलं. सरपंचांनी जेसीबीवाल्याला फोन केला, "लिंबाच्या शेताला जा, बारव दिसंलच," आणि ते स्वतः बीडला मीटिंगला निघून गेले. जेसीबीवाला परगावचा. त्यानं पाराजवळ बसलेल्या तरण्या पोरांना लिंबाचं शेत विचारलं. पोरांनी मोबाईलमधून मान वर न काढता उगवतीकडं हात केला.

आमच्या शिवारात लिंबाची शेतं दोन. एकात बारव आहे, ते मावळतीला. दुसऱ्यात नुसता लिंब आहे. जेसीबीवाला दुसऱ्यात पोचला. त्यानं चारी बांध फिरून पाहिले, बारव काही दिसेना. त्याला वाटलं, गाळानं पार बुजून गेली असणार, म्हणूनच तर आपल्याला बोलावलंय. माणूस कामाला इमानदार होता. त्यानं बारव शोधायला सुरुवात केली.

संध्याकाळी सरपंच परतले तेव्हा त्या शेतात ऐसपैस चौकोनी खड्डा झाला होता आणि शेतमालक बांधावर बसून जेसीबीवाल्याला चहा पाजत होता.

"तुझ्या शेतात कुठं बारव हाय बे?" सरपंचांनी विचारलं.

"न्हाईच," शेतमालक शांतपणे म्हणाला. "पण मी शेततळ्यासाठी अर्ज केलता. मला वाटलं, मंजूर झाला."

"मग इचारायचं तर."

"सरकारी काम चालू असताना मधी बोलू न्हाई."

यावर पुढच्या ग्रामसभेत बरंच वाजलं. शेततळं बुजवायचं की ठेवायचं, यावर दोन तट पडले. बोलता बोलता असं लक्षात आलं की पन्नाशीच्या आतल्या कुणालाच शिवारातली निम्मी ठिकाणं सांगता येत नाहीत. कोल्हदरा कुठं, जोगणीची पट्टी कुठली, काही पत्ता नाही. जाणती माणसं एकेक करून चालली होती आणि जाताना ठिकाणांची नावंही सोबत घेऊन चालली होती. सरपंच आणि मी शाळेत एका बाकावर बसलेले, पण तेव्हापासूनच ते मला चिडवायला सर म्हणत आणि पुढं मी खरंच सर झाल्यावर त्यांना शब्द बदलावा लागला नाही. ते म्हणाले, "सर, तुमी भूगोलाचे. सुट्ट्याबी लागल्यात. नकाशा काढा. पंचायतीच्या भितीवर मोठा रंगवू."

मी म्हणालो, "तलाठ्याकडं नकाशा आहे की. सगळे गट नंबर आहेत त्यात."

"गट नंबर बघून जेसीबी जात न्हाई," ते म्हणाले. ते खरंच होतं.

गावात नावं माहीत असलेली दोन माणसं उरली होती. एक माझी आत्या. ती गावातच दिलेली, त्यामुळं जन्मापासून आजपर्यंत याच शिवारात वावरलेली. दुसरा तिचा दीर. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो, म्हणून तिचा दीरही माझा मामाच. मोठे मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आत्या आणि धाकटे मामा शेजारी शेजारी राहत. मधली भिंत एकच. दोघांत वाकडं काही नव्हतं. एकाच्या घरी कालवण कमी पडलं तर दुसऱ्याकडून वाटी यायची. फक्त एकमत कधी झालेलं नव्हतं. भिंतीच्या अलीकडून आत्या म्हणायची, आज उकाडा लई हाय, आणि पलीकडून मामा म्हणायचे, कालच्यापेक्षा कमी हाय.

आत्याचे गुडघे गेलेले, मामांना धाप लागायची. म्हणून सरपंचांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दिली. ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची सुतळीनं घट्ट बांधली आणि आत्याला तिच्यावर बसवलं. मामांनी खुर्ची नाकारली. खुर्ची पुढाऱ्यांनी वापरायची, असं म्हणून ते भुसा भरलेल्या पोत्यावर बसले आणि पहिल्याच चारीत पोत्यासकट आडवे झाले. आत्याच्या डोक्यावर छत्री धरायला तिची नातसून आली. ती नवऱ्यासोबत नुकतीच सांगलीकडची ऊसतोड संपवून परतली होती. दोन लेकरांची आई, हाताला घट्टे पडलेले, बोलायला मोकळी. ट्रॅक्टर तिचा नवरा चालवी. तो गाणी मोठ्यानं लावायचा, त्यामुळं त्या सगळ्या दिवसांत शिवाराबद्दल एक शब्दही त्याच्या कानावर पडला नाही.

माझ्याजवळ मोबाईल होता, ठिकाणावर उभं राहून खूण करायची आणि नाव टाकायचं, एवढं सोपं काम. पहिल्याच माळावर ते अडकलं.

"हा कोल्ह्याचा माळ," मामा म्हणाले. "हितं कोल्ही लई."

"जावयाचा माळ," आत्या म्हणाली.

"वयनी, कोल्ह्याचा."

"जावई रुसून चाललाता, त्याच्या मागं कोल्हं लागलं. त्यो ह्या माळावरून पळत माघारी आला आन् मग कधी रुसला न्हाई. म्हणून जावयाचा."

"म्हंजे कोल्हं होतंच की."

"पर माळ जावयानं गाजवला."

मी दोन्ही नावं टाकली. मोबाईलमधल्या चौकटीत दोन नावं मावत नव्हती. मी एकाच ठिकाणी दोन खुणा केल्या. दुपारपर्यंत माझ्या नकाशात प्रत्येक जागा दोनदा होती आणि गाव प्रत्यक्षापेक्षा दुप्पट मोठं झालं होतं.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की दोघांचे नकाशेच वेगळे आहेत. मामांच्या शिवारात भांडणं होती. हा बांध कुणी कोरला, इथं कुणी कुणाचे बैल कोंडले, या बाभळीवरून कोण कुणाविरुद्ध कोर्टात गेलं. आत्याच्या शिवारात पाणी होतं, भाजी होती आणि सावली होती. कुर्डू कुठं आधी उगवते, पाथरी कुठं कवळी मिळते, चैतात झिरा कुठं फुटतो, खुरपताना कुठल्या झाडाखाली बसलं तर बांधावरून येणारा माणूस आधी आपल्याला दिसतो आणि आपण त्याला नंतर दिसतो. हे शेवटचं ठिकाण तिनं दोनदा दाखवलं. ते फार महत्त्वाचं असल्याचं नातसुनेनंही मान हलवून सांगितलं.

आत्याही चुकायची. उंबराचा झिरा दाखवते म्हणून तिनं आम्हाला भर उन्हात एका खडकाळ घळीत नेलं. तिथं उंबर नव्हता, झिराही नव्हता.

"हितंच व्हता," ती म्हणाली.

"वयनी, त्यो पलीकडल्या घळीत," मामांनी सांगितलं.

"मग झाड सरकलं."

ट्रॉली पलीकडल्या घळीत जाईपर्यंत मामा सुखानं तंबाखू मळत बसले. तिथं उंबर होता. खाली पालापाचोळा आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता, पाणी काही नव्हतं. नातसून खाली उतरली. तिनं बाटल्या बाजूला केल्या, काठीनं वाळू उकरली. जरा खाली गेल्यावर ओल लागली, मग वाळू चमकायला लागली. तिनं विचारलं, "आजी, उन्हाळ्यात किती माणसाला पुरंल हे?"

"एक बाई आन् तिची शेळी," आत्या म्हणाली. "पर थांबावं लागतं. घाई केली की गढूळ होतं."

मी तेही नोंदवलं. कुठल्याच भूगोलाच्या पुस्तकात पाणवठ्याची क्षमता बाई आणि शेळीत मोजलेली मी पाहिली नव्हती, पण समजायला सोपं होतं.

एक टेकाड आलं तेव्हा मामा टोपी नीट करायला लागले. मी विचारलं, "याचं नाव काय?"

"हे आपलं... वाजतं टेकाड."

आत्या खुर्चीवरून म्हणाली, "नीट सांगा की. लिवून घ्यायलाय त्यो."

"हितं लेकीसुना हायेत वयनी."

"लेकीसुनांना म्हाईत हाय. पादरं टेकाड."

नातसुनेची छत्री वाकडी झाली. मामा दुसरीकडं बघायला लागले. पण मग त्यांनीच सगळं समजावून सांगितलं, अगदी गंभीरपणे. टेकाडाच्या पोटात खडकाला भेगा आहेत. वारं एका ठराविक बाजूनं आलं की भेगांतून आवाज निघतो. मिरगाच्या सुमाराला टेकाड वाजत असलं तर पेरणीची घाई करायची नाही, कारण वारं अजून फिरलेलं नसतं. टेकाड गप झालं की वारं फिरलं. मग बियाणं काढायचं. मामांच्या वडिलांनी त्यांना इथं उभं करून ऐकायला शिकवलं होतं. "पर ते नाव घेत नसत," मामा म्हणाले. "आपलं हात करून दाखवीत."

अशानं नाव मरतं, असं आत्याचं मत पडलं.

मग एका सकाळी आम्ही नवरीच्या वढ्याला गेलो.

हे गावातलं पवित्र ठिकाण. ओढ्याच्या काठावर करंजाचं मोठं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला दगड, दगडावर हिरव्या बांगड्यांचे ढीग. त्या दगडाची पूजा मामांकडं होती. दरवर्षी एका पौर्णिमेला ते सोवळ्यात येऊन नारळ फोडत आणि गावातल्या बाया हात जोडून मागं उभ्या राहत. लहानपणी मीही खोबऱ्यासाठी यायचो.

सरपंचांचा या जागेवर डोळा होता. ते मला आधीच म्हणाले होते, "धर्मापुरीला बघा, जुनं देऊळ हाय तर लांबून लोक फोटो काढायला जातेत. आपल्याकडं काय हाय? ही नवरीआई हाय. नकाशात देवस्थान म्हणून ठळक टाका. मी क वर्ग तीर्थक्षेत्रासाठी पाठपुरावा करायलोय. सभामंडप येईल, पेव्हर ब्लॉक येतील."

मामांनी चपला ट्रॉलीतच काढल्या. झाडाखाली उभं राहून त्यांनी गोष्ट सांगितली. पूर्वी एक नवरी वरातीतून सासरी चालली होती. सासरचे लोक कठोर. तिला पुढचं सगळं दिसलं. ती गाडीतून उतरली, ओढ्याच्या पाण्यात शिरली आणि अंतर्धान पावली. सांजच्याला एका मेंढक्याला तिचं दर्शन झालं. अंगाला हळद, कपाळाला कुंकू, मुंडावळ्या बांधलेल्या, तोंडावर तेज. तो बोलला, पण ती बोलली नाही. नुसती बघत राहिली. शेवटी मामांनी दगडाला हात जोडले. मी मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो.

आत्या खुर्चीत बसून हे ऐकत होती. एवढा वेळ ती गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"वयनी," मामा म्हणाले, "ह्यात तरी काय चूक न्हाई ना?"

"बोलली न्हाई हे बराबर हाय," आत्या म्हणाली. "तोंडात लाडू व्हता."

मामांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. नातसून मात्र छत्री घेऊन झाडाच्या मागं गेली. तिचे खांदे हलत होते.

मग आत्यानं सांगितलं. वऱ्हाड बैलगाड्यांतून चाललं होतं. बैलांना पाणी दाखवायला गाड्या ओढ्यावर थांबल्या. नवरी आठ-नऊ वर्षांची पोर. ती करंजाच्या आडोशाला गेली. तिला वेळ लागला, कारण नेसवलेलं लुगडं कसं सोडायचं आणि पुन्हा कसं नेसायचं तेच तिला येत नव्हतं. तेवढ्यात गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीला वाटलं नवरी मागं आहे, मागच्या गाडीला वाटलं पुढं आहे. ती बाहेर आली तर ओढ्यावर कुणी नाही. होती फक्त रुखवताची दुरडी. पाणी पिताना कुणीतरी ती खाली ठेवलेली, तीसुद्धा विसरली होती.

"मग?" मामा म्हणाले.

"मग काय. बसली खात. लाडू, करंज्या, समदं. घरी समद्या भावंडात वाटून खायाची सवय. आख्खी दुरडी तिला जन्मात पयल्यांदा गावली. मेंढक्या आला, त्यानं इचारलं, कोण गं तू? तोंड भरल्यालं. काय बोलंल ती? त्यो पाया पडून पळाला."

"आन् सासरचे?"

"घरला गेल्यावर आधी दुरडीवरून बोंब झाली. रुखवत कुठं गेलं, म्हणून विहिणी भांडल्या. माप वलांडायला नवरीला हाक मारली तवा कळलं, नवरीबी न्हाई."

मामा थोडे रागावले. "ही कुणाची कायबी गोष्ट सांगायली वयनी. देवाधर्माची जागा हाय."

"कुणाची न्हाई, सासूबाईची हाय," आत्या म्हणाली. "तुमच्या आईची."

ओढा कोरडा होता. वर ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं. नातसून झाडामागून बाहेर आली आणि तिनं नवऱ्याला ओरडून ते बंद करायला सांगितलं.

मामा दगडाकडं बघत होते, मग त्यांनी आत्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. खुरपायला यायचो की हितं. बांधावर बसलं की सांगायच्या. हसून हसून पदर तोंडात धरायच्या. मी माझ्या सुनंला सांगितलं. तिनं हिला सांगितलं." तिनं नातसुनेकडं बोट केलं. नातसुनेनं मान हलवली. गावातल्या बहुतेक बायांना माहीत आहे, असंही ती हळूच म्हणाली.

मामा पोत्यावर नव्हे, सरळ मातीतच बसले. मग म्हणाले, "मग दरसाली तुमी समद्या माझ्यामागं हात जोडून उभ्या ऱ्हात व्हता, त्या काय म्हणून?"

"सासूला हात जोडायला काय हरकत हाय," आत्या म्हणाली.

"आईनं मला का म्हून सांगितलं न्हाई?"

आत्या म्हणाली, "तुमी इचारलं व्हतं का कधी कायी? तुमी घरात आलं की इचारायचं, भाकर झाली का. त्या सांगायच्या, झाली."

मला वाटलं, मामा आता उठून चालू लागतील. ते उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारायला लागले. आई भ्याली होती का. किती वेळ बसली होती. तिला न्यायला कोण आलं. आत्या सांगत गेली. भ्याली नव्हती, पण दिवस बुडाल्यावर पोट दुखायला लागलं होतं. न्यायला सासरा आला, एकटा, बैलगाडी पळवत. त्यानं तिला रागावलं नाही. गाडीत बसल्यावर फक्त विचारलं, करंजी एखादी शिल्लक हाय का. तीन शिल्लक होत्या. दोघांनी त्या वाटेत खाल्ल्या आणि घरी सांगितलं की दुरडी सापडली नाही. हा सासरा म्हणजे मामांचे आजोबा.

इथं मामा हसले. आधी नाकातून आवाज आला, मग पोट हलायला लागलं, मग त्यांना धाप लागली आणि नातसुनेनं त्यांना पाणी दिलं. डोळे पुसत ते म्हणाले, "म्हंजे मी इतकी वर्सं माझ्या आईलाच नारळ फोडीत व्हतो."

"आन् त्यांना खोबरं चालत नव्हतं," आत्या म्हणाली. "दातात अडकायचं."

माझ्यापुढं आता खरा पेच होता. नकाशात या जागेपाशी काय लिहायचं? सरपंचांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते डोकं धरून बसले. "सर, कुणाला सांगू नका," ते म्हणाले. मी सांगितलं की बायांना आधीपासून माहीत आहे. "बायांना म्हाईत असू द्या," ते म्हणाले, "बाया कुठं फाईल तपासतेत."

पण पुढच्या ग्रामसभेला बाया आल्या. ग्रामसभेला एरवी बाया म्हणजे सह्यांपुरत्या. त्या दिवशी त्या घोळक्यानं आल्या आणि पुढं बसल्या, कारण नावं ठरायची होती. सरपंचांनी माझा नकाशा वाचायला घेतला. जावयाच्या माळाला कुणी हरकत घेतली नाही, फक्त एका जावयानं घेतली. पादऱ्या टेकाडापाशी सरपंच थांबले. त्यांनी सुचवलं, उद्या मोठे साहेब येतील, भिंतीवर हे नाव बरं दिसणार नाही, नादटेकडी लिहू. बराच वेळ वाद झाला. शेवटी पा. टेकाड लिहायचं ठरलं.

मग नवरीचा वढा. सरपंच म्हणाले, "नवरीआई देवस्थान. ह्यावर कुणाचं दुमत नसंल." आणि त्यांनी पुजारी म्हणून मामांकडं बघितलं. सगळ्या सभेनं बघितलं. मामा काठी टेकत उभे राहिले.

"ती माझी आई हाय," ते म्हणाले. "हे मला ह्या उन्हाळ्यात कळलं. तुमच्यातल्या निम्म्यांना आधीच म्हाईत व्हतं." पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. "हातबित जोडायचे तर जोडा, मीबी जोडणार. पर भितीवर नवरीचा वढाच लिवा. आन् यंदापासनं नारळ न्हाई. करंज्या न्यायच्या."

"मामा, पण क वर्गाचं काय?" सरपंच कळवळून म्हणाले.

आत्या खालूनच म्हणाली, "ती शाळंतच गेली न्हाई कधी, तिला वर्ग कशाला?"

सभा तिथंच संपली, कारण त्यानंतर सरपंचांचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

स्वातंत्र्यदिनाच्या आधी नकाशा रंगवून झाला. पंचायतीची आख्खी दक्षिणेकडची भिंत. पा. टेकाडाचा मात्र उलटा परिणाम झाला. पुरं नाव लिहिलं असतं तर लोकांनी वाचून सोडून दिलं असतं. आता जो कोणी बाहेरचा येतो, तो 'पा' म्हणजे काय असं विचारतो आणि पारावरची माणसं त्याला ते मोठ्यानं आणि सविस्तर सांगतात, वाऱ्यासकट. मोठे साहेब आले तेव्हा त्यांनीही विचारलं. सरपंच म्हणाले, "पाटलाचं." साहेबांच्या मागून एक शाळकरी मुलगी म्हणाली, "न्हाई साहेब," आणि तिनं खरं सांगितलं. साहेबांनी टेकाड बघायला जायची इच्छा दाखवली आणि गेलेही, पण त्या दिवशी वारं पडलेलं होतं.

दसऱ्यानंतर गावातल्या टोळ्या ऊसतोडीला गेल्या. नातसूनही गेली. हिवाळ्यात एका दुपारी तिचा मला फोन आला, सांगलीकडच्या उसाच्या फडावरून. मागं बायांचा गलका चालू होता.

"काका, भितीवर जागा हाय का?"

"कशाला?"

"हितं आमी दरसाली येतो. हितल्याच वढ्याला ऱ्हायला पाचटाच्या कोप्या घालतो. बायांनी समद्याला नावं ठिवलीत. फोनाचा बांध हाय, तिथंच रेंज येती. रडका चढ हाय, तिथं गाडी हमखास अडकती. पाथरीची ताल हाय, तिथल्या बांधाला आपल्याकडल्यावाणीच पाथरी मिळती. हे कुठं लिवायचं?"

मी तिला समजावलं की नकाशा गावच्या शिवाराचा आहे आणि सांगली आपल्या हद्दीत येत नाही.

"आमी तर अर्धं साल हितंच असतो की," ती म्हणाली. "मग आमचं अर्धं शिवार कुठं गेलं?"

 मी सरपंचांना भेटलो. नकाशाच्या खालच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, मोकळी जागा एकच होती आणि तिथं सरपंचांचं नाव फुलांच्या वेलबुट्टीत रंगवलेलं होतं.  टोळीत त्यांचेही दोन पुतणे होते. "माझं नाव वर घ्या," ते म्हणाले. "वर म्हंजे उत्तर ना? उत्तर चांगली. पर खाली लिवा, हद्दीबाहेर."

पेंटरनं खाली लांब बाण काढला, एक ओढा काढला, कोप्या काढल्या आणि नातसुनेनं फोनवर सांगितली तशी नावं लिहिली. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या तेव्हा बाया सामान उतरवायच्या आधीच भिंतीपुढं जमल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी इतरांना वाचून दाखवलं. एका बाईनं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "फोनाचा बांध वढ्याच्या अल्याड न्हाई, पल्याड हाय. अल्याड रेंज कुठं येती?" दुसरी म्हणाली, येते, पण उभं राहावं लागतं. पहिलीनं खाली पडलेला विटेचा तुकडा उचलला, फोनाच्या बांधावर काट मारली आणि ओढ्याच्या पलीकडं नवीन रेघ ओढली. मग ती बोचकं घेऊन घरी गेली. मी पेंटरला बोलावून ती रेघ पक्क्या रंगात करून घेतली.